बाबाची एकच हाक

मेलबर्नला निघायच्या दिवशी मी नुसता व्हिडिओ काढत सुटले होते. आमच्या दिवाळे गावची जेट्टी, वाळत घातलेले बोंबील, होड्या, सगळं भराभर, कारण मागे टॅक्सीवाला हॉर्न मारत होता. तेवढ्यात खाडीतून बाबाने हाक मारली, होडीवरून. "सायली." मी गप्प. परत, "सायली." मी गप्पच. तिसऱ्यांदा मारली तेव्हा म्हटलं, "ओ." आपल्याकडे पोराटोरांना पण माहितीये, खाडीवरून एकच हाक आली तर ओ द्यायची नाही. जिवंत माणूस तीनदा मारतो. मेलेला एकदाच.

किनाऱ्याला येऊन बाबाने सुकटीची पिशवी हातात कोंबली. "तिकरं मावरा भेटंल, पन चव नाय भेटाची." बस, एवढंच. तेच शेवटचं. गेल्या वर्षी बाबा गेला आणि मी वेळेत पोचले नाही.

मेलबर्नमध्ये मी दिवसा कॅफेत कप धुते आणि सुट्टीच्या दिवशी जॉशच्या गॅरेजमध्ये ड्रम्स वाजवते. हळदीला आपली बेंजो पार्टी बडवते ना, सेम तसंच. इथे त्याला रॉक म्हणतात. जॉश गातो, गिटार पण त्याचीच. आणि आमचा पहिला अल्बम आलाय, खरंच आलाय. शेवटच्या गाण्यात बाबाचा आवाज आहे. तो व्हिडिओ ऐकून जॉशच म्हणाला, हे घेऊया. मी लगेच घरी सगळ्यांना सांगून टाकलं. आई तर वाटच बघत बसली, परत एकदा आवाज ऐकायला मिळणार म्हणून.

लिंक आली तेव्हा मी ट्रॅममध्ये होते. हेडफोन लावले. गिटार थांबली. "सायली." आणि पुढे काहीच नाही. थोडी शांतता, मग डायरेक्ट माझे ड्रम्स. जॉशने बाकीच्या दोन हाका कापलेल्या, एकच भारी वाटते म्हणून. ओ पार ओठांपर्यंत आलेली, मी तोंडावर हात दाबून धरला.

जॉशला फोन केला, सगळं सांगितलं. बिचारा सॉरी म्हणाला, तिन्ही टाकून परत अपलोड करतो म्हणाला. मग भावाला मेसेज केला, आईला आत्ता ऐकवू नको. पण त्या येड्याने स्पीकर लावून ऐकवलं पण होतं.

आईचाच फोन आला. "आयकला गो बाय. तुझ्या बापानं एकच हाक मारली."

"चुकून कापलंय गं ते. उद्या तिन्ही येतील. तू ओ नाही ना दिलीस?"

"येरी हाय का मी?" मग हळूच म्हणाली, "नको टाकू गो. तीन मारल्या तं जित्ता वाटंल. मंग मी जेट्टीवर जाऊन बसन."

जॉशला लिहिलं, राहू दे.

आता प्रत्येक शोला ती हाक वाजते आणि गोरी पोरं तेवढ्यात टाळ्या वाजवतात, शिट्ट्या मारतात. त्यांचं काय चुकलं, त्यांना कोण सांगणार? मी काठ्या हातात धरून गप्प बसते. तिकडे गाणं लावून आई पण गप्प बसत असेल. घर कुठे म्हणून विचाराल तर सध्या तिथेच आहे, आम्ही दोघी ओ देत नाही तेवढ्या वेळात.