समुद्र घरी नव्हता

आमचं माहेर माणदेशातलं. लग्न होऊन मी बोईसरला आले, कारण नवरा इथल्या कारखान्यात होता. धाकट्या बहिणीला माहेरापासून दोन कोसांवरच्या गावात दिली. तिनं कधी समुद्र पाहिला नव्हता आणि पाहायची घाईही तिला नव्हती.

मागल्या वर्षी तिचा नवरा गेला. मुलगा पुण्याला बायकापोरांसह राहतो. तो म्हणाला, आई, माझ्याकडं चल. तिचं आणि सुनेचं चार दिवसांवर पटत नाही. दोष दोघींचा आहे. मी निरोप धाडला, माझ्याकडं ये. बोईसरलगत सालवडला माझ्या दोन खोल्या आहेत आणि माझाही नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मला उपकार करायचे नव्हते. मला घरात बोलायला माणूस हवं होतं.

ती थंडीत आली. आठ दिवस बघते, म्हणाली. रविवारी भाचा येणार होता. पुण्याला जायचं की माझ्याकडं राहायचं, ते तोवर ठरवायचं. आल्या आल्या तिनं पिशवी खुंटीला अडकवली आणि ती काही रिकामी केली नाही. रोज एक लुगडं काढायची आणि पुन्हा चेन ओढायची. पाणी मचूळ आहे म्हणायची. रात्री कारखान्यांचा वास येतो म्हणायची. शेजारीण बिहारची, त्याचीही तक्रार होती.

"आक्का, तिला हाक कशी मारू तेच कळंना. भाभी म्हनू का बाई म्हनू?"

"मार काहीतरी. ती ओ देते."

शनिवारपर्यंत तिनं काही सांगितलं नाही. मग मीच म्हटलं, "चल, नवापूरला जाऊन समुद्र तरी बघ."

"आज माझी एकादस हाय."

"समुद्र खायचा नाहीये. बघायचा आहे."

जेवणवेळेनंतर आम्ही रिक्षानं नवापूरला उतरलो. समोर समुद्र नव्हता. काळे खडक होते, चिखल होता आणि चिखलात होड्या कुशीवर पडल्या होत्या. पाणी लांबवर, चंदेरी रेघेएवढं. इतकी वर्षं मी इथं मासे विकत घेते. एकादशीला दुपारी ओहोटी असते हे मला पाठ आहे. पण मी तिच्या उपासाचा विचार केला आणि पाण्याचा केला नाही.

"कुठाय?" तिनं विचारलं.

"समोर."

"ह्यो? ह्याच्यापरास आमचा पाझर तलाव बरा की."

किनाऱ्यावर माझ्या ओळखीची मासळीवाली जवळा वाळवत होती. तिनं ते ऐकलं.

"येल ना, बस. पानी हाय ते बाय, नवरा नाय, गेला तर गेला."

मी बहिणीकडं पाहिलं. ती म्हणाली, "माझा गेलाय."

"माझा पन," मासळीवाली म्हणाली. "सावलीत बस."

मी परत जाऊ म्हटलं. बहीण तयार होईना. "एवढ्या लांबनं आलोय. घरी न्हाई तर वाट बघायची. कुणाच्या दारातनं लगेच माघारी फिरतं व्हय कुणी?"

सुरूच्या झाडाखाली बसलो. शेजारी बांबूंवर दोऱ्या ताणून बोंबील टांगले होते. ती उठून त्यांच्याजवळ गेली. जन्मभर आठवड्याच्या बाजारातून सुके बोंबील आणून खाल्ले होते तिनं.

"हे तर धुण्यावानी वाळत घातल्यात. मला वाटायचं, असंच वाळल्यालं निघतंय."

मासळीवाली हसता हसता खालीच बसली. जरा वेळानं बघते तर बहिणीच्या हातात तिचा खराटा. खळ्यावर ज्वारी हलवावी तसा ती जवळा हलवत होती.

"अगं, एकादशी ना तुझी?"

"मी कुठं हात लावतीय? खराटा लावतोय."

"हात बराय तुजा," मासळीवाली म्हणाली. "आमची सून दगडासकट लोटते."

"माझी तर लोटतच न्हाई," बहीण म्हणाली आणि दोघींच्या सुनांचं सुरू झालं. मी डोळे मिटून पडले. सुनांचं काही मला ऐकायचं नव्हतं.

ऊन कललं तेव्हा पाणी आलं. आवाज करत आलं नाही. आधी खडकांतल्या भेगा भरल्या, मग आडव्या होड्या एकेक करून सरळ झाल्या, आणि चिखल होता तिथं बघता बघता समुद्र. बहिणीनं खराटा टाकला, लुगडं वर धरलं आणि घोट्याएवढ्या पाण्यात जाऊन उभी राहिली. वाकून बोट बुडवलं आणि जिभेला लावलं.

"खारट हाय."

"सगळ्यांना माहीत आहे."

"माहीत हाय गं. पर एवढं?"

बराच वेळ उभी होती. मी बोलावलं नाही. पाय भिजवून आली ती थेट मासळीवालीपुढं बसली आणि शेरभर जवळा मागितला. गावी न्यायला म्हणूनच लोक सुकं घेतात. इथं राहणारा लागेल तसं आणतो.

मासळीवालीनं तेच विचारलं. "गावाला नेशील का? तर दोन पिशव्यांत घट बांदून देते. नाय तर वासानं यष्टीतून उतरवतील."

मी होड्यांकडं बघत राहिले.

"साधं बांध," बहीण म्हणाली. "सालवडपतूर जायचंय."

रिक्षात पुढच्या माणसानं नाकाला रुमाल लावला. पुडी माझ्या मांडीवर होती, मी ती हलवली नाही.

रविवारी भाचा आला. तिनं उपास सोडला तो जवळ्याच्या कालवणावर, आणि त्यालाही तेच वाढलं. त्यानं खुंटीकडं पाहिलं. पिशवी तिथं नव्हती.

"आई, तुझं सामान?"

"जेव आधी," ती म्हणाली.