सून फोनवर होती, मी तिला चिडवत होते

मैत्रिणींनो, मी बोलून राहिले, नात टाइप करून राहिली.

माझी सून सविता घरी बसून लॅपटॉपवर मोहल्ल्याच्या मदतसेवेचं काम करते. कोणावर संकट आलं की जवळच्या स्वयंसेवकाला धाडते.

आज दुपारी ती फोनवर अगदी शांतपणे सांगत होती, "भैया, बुजुर्ग महिला हैं, गले में कौर अटका है. पीछेवाली गली से भागिए."

कोणा म्हातारीच्या घशात घास अडकलाय, इकडे माझं लक्षच नव्हतं. मी नेहमीसारखी ओरडले, "ऑफिसवाल्या मॅडम, पोळी करपून राहिली!"

तिने हातानेच मला गप्प केलं. थोड्या वेळानं फोन ठेवला आणि एकदम रडायला लागली. "आई, त्या गढ्याला राहणाऱ्या आपल्या मावशी होत्या. वाचल्या."

माझी सख्खी बहीण! आणि मी पोळीचं घेऊन बसले होते.

तुमची सून दिवसभर काय करून राहते, कधी विचारलं काय?