दसऱ्याच्या पाटावरची रिफर्बिश्ड ड्राइव्ह

माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. आमच्याकडे लिंबू येतं ते सरबतासाठी, आणि मांजर आडवं गेलं तर मी ब्रेक लावते, ते मांजर वाचावं म्हणून. एवढाच माझा या विषयाशी संबंध.

गेल्या आठवड्यात इथे ग्रुपवर कोणीतरी विचारलं होतं की, रिफर्बिश्ड एक्स्टर्नल हार्ड ड्राइव्ह घ्यावी का. उत्तर लिहायला बसले आणि ते लांबलं, म्हणून वेगळं लिहितेय.

आधी कामाचं. रिफर्बिश्ड म्हणजे कोणीतरी वापरून परत केलेली, तपासून आणि पुसून पुन्हा विकायला ठेवलेली. दुसरी किंवा तिसरी कॉपी ठेवायला चालते. एकमेव कॉपी ठेवायला अजिबात नाही. वॉरंटी कोण देतंय ते बघा. घरी आल्यावर ड्राइव्ह एकदा पूर्ण भरून, वाचून, पुसून घ्या, मगच वापरा. मी हे सगळं केलं होतं. त्यामुळे माझी ड्राइव्ह रिकामी होती हे मला पक्कं माहीत आहे... पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा.

आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. दोन घरं सोडून शैलाकाकू राहतात. ऐंशीच्या घरातल्या, रिटायर्ड डॉक्टर. काका इंजिनियर होते. त्यांना मंगलाष्टकं रचायचा नाद. मंडळात कोणाचंही लग्न ठरलं की वधूवरांची नावं गुंफून काका शार्दूलविक्रीडितात बसवायचे, आणि स्वतः खड्या आवाजात म्हणायचे. मात्रा इकडची तिकडे झालेली त्यांना खपत नसे.

शेवटच्या आजारपणात त्यांनी नातीचं, रियाचं मंगलाष्टक रचून रेकॉर्ड करून ठेवलं. तेव्हा रियाचं लग्न ठरलं नव्हतं. तिला कोणी भेटलाही नव्हता. म्हणून नवऱ्याच्या नावाच्या जागी काका नुसतं गुणगुणले होते.

काका गेल्यानंतर वर्षभराने रियाला डॅनियल भेटला. लग्न न्यू जर्सीत, आयसेलिनजवळच्या एका हॉलमध्ये ठरलं. रियाची एकच अट होती. अंतरपाट धरल्यावर आजोबांचा आवाज हवा. रिकाम्या जागी गुरुजींनी डॅनियलचं नाव म्हणायचं.

"गुरुजींना सुरात जमेल ना?" मी काकूंना विचारलं.

"जमेल कसलं. ह्यांनासुद्धा एकेक नाव बसवायला आठवडा लागायचा. जेवताना टेबलावर बोटं आपटत बसायचे."

ते रेकॉर्डिंग काकांच्या जुन्या ड्राइव्हवर होतं, आणि फक्त तिथेच. ती ड्राइव्ह आता टकटक वाजायला लागली होती. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, हा आवाज म्हणजे तिची वेळ भरत आली आहे. काकूंनी मला ते एकदा लावून दाखवलं. मी स्वतः ऐकलं. रियाचं नाव, मग गुणगुणलेली रिकामी जागा, आणि नेमकी त्याच जागी पाठीमागे शिकागोच्या ट्रेनची शिट्टी. काकूंचं घर रुळांपासून जवळ आहे.

मी माझी ड्राइव्ह घेऊन गेले. काकूंनी ती उलटीपालटी करून पाहिली.

"म्हणजे कोणाची तरी उतरलेली?"

"उतरलेली, पण धुऊन इस्त्री केलेली."

"बरं. मीही आता तशीच आहे."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी कॉपी करायला घेतलं. जुनी ड्राइव्ह दोनदा वाजली आणि कनेक्शन तुटलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. माझ्या ड्राइव्हवर एकही फाइल आली नाही. मी उघडून पाहिलं होतं. उद्या सकाळी शांतपणे परत बघू, म्हणून दोन्ही ड्राइव्ह तिथेच ठेवल्या. केबल मात्र गुंडाळून पर्समध्ये टाकल्या. लोंबकळत्या केबल मला बघवत नाहीत.

सकाळी गेले तर काकूंनी पूजा मांडलेली. पाटावर त्यांचा स्टेथोस्कोप, काकांची आकडेमोडीची जुनी स्लाइड रूल, स्वयंपाकघरातली विळी, आणि शेजारी शेजारी दोन्ही ड्राइव्ह. दोघींवर हळदकुंकू आणि एकेक झेंडू.

"काकू, आज कॉपी करून घेऊ या. ही कधीही बंद पडेल."

"आज नाही. पाटावर मांडलेलं हत्यार त्या दिवशी हातात घेत नाहीत. तुझ्या सासूबाईंनी शिकवलं नाही वाटतं?"

"शिकवलं. पण त्या ड्राइव्ह मांडत नव्हत्या."

"मग त्यांचं चुकत होतं. आज त्यांना विश्रांती. तू पुऱ्या लाट."

ऐंशीच्या बाईशी सणाच्या दिवशी वाद घालण्यात अर्थ नसतो. माझा नवरा विनय जेवायला आला. श्रीखंड-पुरी झाली. दुपारभर आम्ही तिघं तिथेच, पाटासमोरच्या टेबलाशी बसून काकूंच्या कम्प्युटरवर लग्नाला जाण्याची तिकिटं बघत होतो. काकूंच्या घरात दुसरा कम्प्युटर नाही. केबल माझ्या पर्समध्ये, पर्स माझ्या खुर्चीला.

दुसऱ्या दिवशी जुनी ड्राइव्ह लावली. टकटकसुद्धा नाही. दुसरी केबल, दुसरं पोर्ट, माझा लॅपटॉप... काही नाही.

"गेली?" काकूंनी विचारलं.

"गेली."

त्यांनी स्वेटरच्या बाहीने तिच्यावरचं कुंकू पुसलं आणि ती परत माझ्या हातात दिली. "रियाला मी सांगेन," एवढंच म्हणाल्या.

मी माझी ड्राइव्ह लावली. काहीतरी करायचं म्हणून. काकांचं फोल्डर त्यात होतं. पूर्ण. फाइल तयार झाल्याची तारीख दसऱ्याची, वेळ दुपारची. आम्ही श्रीखंड वाढून घेत होतो तेव्हाची.

मी मंगलाष्टक लावलं. तोच आवाज, तोच खोकला सुरुवातीला. रियाचं नाव आलं. पुढे जिथे गुणगुणणं होतं, तिथे काका स्वच्छ म्हणाले, डॅनियल. जोड कुठेही नाही. श्वास तुटलेला नाही. आणि नावाच्या मागे तीच ट्रेनची शिट्टी.

मी काकूंकडे पाहिलं.

"परत लाव," त्या म्हणाल्या. दुसऱ्यांदा ऐकताना त्यांची बोटं टेबलावर मात्रा मोजत होती. "बरोबर बसवलंय. म्हणजे एवढा वेळ लागला ह्यांना."

घरी आल्यावर विनयला सांगितलं.

"यार, एआय असेल. हल्ली कोणाचाही आवाज काढतात."

"कोणी काढला? रेकॉर्डिंग काकूंच्या घराबाहेर कधी गेलंच नाही."

"मग कॉपी आदल्या दिवशीच झाली असेल. तू नीट पाहिलं नसशील."

"मी?"

तो म्हणाला, "बरं, कम्प्युटरचं घड्याळ चुकलं असेल."

"आणि नाव?"

तो अंगणातली पानं गोळा करायला गेला. इतकी व्यवस्थित त्याने ती आधी कधीच गोळा केली नव्हती.

त्याच दिवशी मी त्या फाइलच्या तीन कॉपी केल्या. तिन्हींत नाव आहे. डेटा रिकव्हरीचं काम करणाऱ्या एकाला जुनी ड्राइव्ह दाखवली. आतून ती पूर्ण निकामी झाली होती, त्यातून काहीच वाचता आलं नाही. माझी रिफर्बिश्ड ड्राइव्ह त्याने तपासली. उत्तम चालतेय म्हणाला.

लग्न झालं. नावाचं तिकडे आधी कोणालाच सांगितलं नव्हतं. अंतरपाटाच्या एका बाजूला रिया, दुसऱ्या बाजूला डॅनियल, आणि स्पीकरवर काका. गुरुजी आपल्या वेळेची वाट बघत ओठ उघडून उभे होते. ते तसेच राहिले. अक्षता टाकायच्या विसरून रियाची आई काकूंकडे बघत होती.

जेवताना डॅनियल काकूंशेजारी येऊन बसला. "आजी, डिड ही नो माय नेम?"

"ही कुडन्ट हॅव," रिया म्हणाली. "आय हॅडन्ट मेट यू."

काकूंनी त्याच्या ताटात आणखी एक जिलबी वाढली. "ही टुक हिज टाइम," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे याचं स्पष्टीकरण नाही. शोधायचं ते सगळं शोधून झालं. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, फक्त केबल माझ्या पर्समध्ये होत्या हे धरून लिहा.

ड्राइव्ह विकणाऱ्यांची ईमेल अजून येते. वस्तू वर्णनाप्रमाणे होती का, एका शब्दात कळवा. मी कुठलाही फॉर्म अर्धवट सोडत नाही. हा एक सोडलाय.