सुईला नाही म्हणाले तो दिवस

गारखेड्यातल्या एका लहानशा दवाखान्यात मी कामाला आहे. नर्सिंगचं शिक्षण माझं नाही. बारावीनंतर तिथंच लागले आणि बघत बघत शिकले. जुने डॉक्टर फोनवरून औषध सांगायचे, सुई मी टोचायचे. पेशंट मला सिस्टर म्हणायचे आणि मीही ओ द्यायचे.

डॉक्टर थकल्यावर दवाखाना एका तरुण डॉक्टरबाईंनी घेतला. आल्या आल्या त्यांनी मला समोर बसवलं.

"ताई, तुमची नर्स म्हणून नोंदणी नाही. सुई, सलाईन, मनानं गोळ्या देणं, कायद्यानं यातलं काहीच तुम्हाला करता येत नाही. पेशंटला बसवा, वजन घ्या, बीपी मोजून लिहा, अडलं तर मला फोन लावा."

बरोबरच होतं त्यांचं. पण मला ते लागलं. इतक्या वर्षांची कमाई कुणी हातातून काढून घ्यावी तसं झालं.

त्याच दिवसांत एका दुपारी आमच्या घराशेजारच्या खाला, सगळ्या गल्लीच्या मावशी, आल्या. शिलाई मशीनवर बसून बसून त्यांची कंबर धरायची. माझी मुलगी तान्ही असताना मी तिला त्यांच्याच मांडीवर टाकून कामावर यायचे. डॉक्टरबाई चिकलठाण्याला एका कारखान्यात कामगारांच्या तपासणीला गेल्या होत्या.

"बेटी, नेहमीची सुई दे गं. उभं राहवंना."

"डॉक्टर नाहीत."

"मग काय झालं? तूच तर देती दरवेळी. तुझा हात लई हलका हाय."

बाकावरचे लोक बघायला लागले. माझ्या आवाजाला धार आली. "आता नाही देत. कायदा आहे. काय समजायचं ते समजा."

खाला भिंतीला धरून पायऱ्या उतरल्या. मी पुढच्या पेशंटला हाक मारली.

घरी जाताना त्यांनी कुठल्याशा बिनपदवीच्या माणसाकडून सुई टोचून घेतली. जागा सुजली, ताप चढला, आत पू धरला. शेवटी सरकारी दवाखान्यात चीर द्यावी लागली.

डॉक्टरबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तुम्ही सुई दिली नाहीत हे योग्यच केलंत." तरी सुट्टी झाल्यावर मी सरकारी दवाखान्याची वाट धरली.

भेटायला गेले तेव्हा खाला कुशीवर पडून होत्या. माझ्यामुळं झालं, मी म्हणाले.

"सुई नाय दिली त्याचं काय नाय गं," त्या म्हणाल्या. "नोकरी हाय तुझी. पण बसा म्हणाली असतीस तर बसले असते मी, डॉक्टर येईस्तोवर."

बाक होता, पाणी होतं, फोन हाताशी होता. यातल्या कशालाच कायद्यानं मला अडवलं नव्हतं. उलट तेच तर माझं काम होतं. डॉक्टरबाईंवरचा राग मी खालांवर काढला होता.

जखम भरायला बरेच दिवस गेले. आता त्या पुन्हा मशीनवर बसतात, एका अंगावर कलून. माझ्या मुलीला पहिल्यासारखीच हाक मारतात. आमच्या दवाखान्यात मात्र येत नाहीत. कंबर धरली की रिक्षा करून लांबच्या डॉक्टरांकडं जातात. ती रिक्षा गल्लीत आली आणि मी ओट्यावर असले, तर उठून आत जाते.