पहिल्या इनिंगची पैज

बाबा मार्चच्या शेवटी शिकागोला उतरले तेव्हा विमानतळावरच्या अधिकाऱ्याने त्यांना सहा महिन्यांची मुदत दिली. बेसबॉलचा हंगामही साधारण तेवढाच चालतो, पण तेव्हा मला बेसबॉलशी काही देणंघेणं नव्हतं. आई जाऊन वर्ष झालं होतं. अकोल्याच्या घरात बाबा एकटेच राहत होते आणि मी रोज फोनवर 'जेवलात का?' विचारून मुलीचं कर्तव्य उरकत होते.

आमचं घर शिकागोच्या उपनगरात, शॉमबर्गला. नवरा ऑफिसला, लेक शाळेत, मी घरूनच काम करणारी. पहिले काही आठवडे बाबा खिडकीत बसून रस्ता बघायचे. रस्त्यावर बघण्यासारखं काय, तर तासाला एक कुत्रं आणि त्याच्या मागून ओढला जाणारा एक माणूस. मग एका दुपारी चॅनेल बदलता बदलता त्यांचा अंगठा थांबला. भिंतीवर वेली चढलेलं जुनं मैदान, कोवळं ऊन आणि ओल्या हिरवळीवर बेसबॉल खेळायला उभी असलेली माणसं. आवाज बंद होता. बाबा पुढे सरकून बसले.

बाबा त्यांच्या ऑफिसच्या क्रिकेट टीमचे ओपनर. आयुष्यात त्यांनी फार धावा काढल्या नाहीत, पण सहसा लवकर आउटही झाले नाहीत. नवा बॉल खेळून काढायचा, त्याची लकाकी उतरवायची आणि मग मागच्यांनी काय ते दिवे लावावेत, हे त्यांचं तत्त्वज्ञान. संसारही त्यांनी असाच केला. त्यामुळे त्या दुपारी ते छातीठोकपणे म्हणाले, "पहिल्या इनिंगमध्ये कुणी रन काढत नसतो. लाव पैज."

माझ्या ऑफिसातली मंडळी फोनवर पहिल्या इनिंगवर, पहिल्या पाच इनिंगवर खरोखरच डॉलर लावतात, हे मला ठाऊक होतं. मी तसं सांगितल्यावर बाबांनी माझ्याकडे असं काही पाहिलं, जणू मी शाळेतून पळून आले होते.

"पैसे लावले की जुगार," ते म्हणाले. "आपण भांडी लावू."

आमच्याकडे डिशवॉशर आहे, पण इथल्या कितीतरी मराठी घरांतल्यासारखा तो फक्त भांडी निथळायच्या कामाला येतो. घासायची हातानेच. तेव्हा ठरलं असं: पहिल्या इनिंगमध्ये, म्हणजे दोन्ही टीमचे तीन-तीन गडी बाद होईपर्यंत, कुणाचाही एकही रन झाला नाही तर दुपारची भांडी माझी, झाला तर बाबांची.

त्या आठवड्यात बाबांनी रोज भांडी घासली.

शेवटी माझ्या लेकीला त्यांची दया आली. ती शाळेत सॉफ्टबॉल, म्हणजे मुलींचा बेसबॉल, खेळते. "आजोबा, दे पुट द बेस्ट हिटर्स फर्स्ट," ती म्हणाली. "नोबडी इज वेटिंग फॉर एनीथिंग." शिवाय बॉलला जरा माती लागली की ते तो बदलतात, हेही तिनेच दाखवलं.

"म्हणजे इथे बॉल जुना होतच नाही?" बाबांनी विचारलं. पंच खिशातून पांढराशुभ्र नवा चेंडू काढत होता आणि जुना प्रेक्षकांतल्या कुणाच्या तरी हातात जात होता.

तो उन्हाळा आठवला की मला त्याचे दिवस वेगळे काढता येत नाहीत. सगळी मिळून एकच लांब दुपार वाटते. मागच्या अंगणात कुणाचं तरी गवत कापायचं यंत्र गुणगुणतंय, वरणभाताने डोळे जड झालेत, लॅपटॉप मिटलेला, पंख्याखाली आम्ही दोघं. पडद्यावर कुणीतरी बॉल फेकायच्या आधी उगाच टोपी सारखी करतोय. एवढ्यात काही घडणार असं वाटत असताना काहीच घडायचं नाही आणि आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही. इनिंग संपली की पैजेचा निकाल लागायचा, हरलेला भांडी घासायचा, मग मी कामाला लागायची आणि बाबा सोफ्यावर झोपून जायचे. उरलेल्या आठ इनिंग त्यांच्या घोरण्यावर चालायच्या. मी इतकी सुखी बऱ्याच वर्षांत नव्हते, आणि हे मी त्यांना सांगितलं नाही.

जुलैपर्यंत बाबा तयार झाले. आता पैजेची बाजू तेच निवडायचे; कोणत्या दिवशी 'रन होणार' म्हणायचं आणि कोणत्या दिवशी 'नाही होणार', ते बॉल टाकणाऱ्याचं तोंड बघून ठरवायचे. एका उंच डावखुऱ्यावर त्यांचं विशेष लक्ष होतं. "पोरगा गुणी आहे, पण सुरुवातीला घाबरतो. याच्या पहिल्या इनिंगला रन झालाच म्हणून समज." तो आला की मी मुकाट्याने कढई घासायला घ्यायची.

सप्टेंबर लागला. मुदत वाढवायचा फॉर्म मी कधीच डाउनलोड करून ठेवला होता. तो भरला तर दिवाळी सोबत होईल, कदाचित वसंतापर्यंत ते राहतील. पण 'राहा' म्हणायची माझी जीभ रेटेना. त्यांना तिकडे घर, झाडं, संध्याकाळचा कट्टा. आपण आग्रह करायचा आणि त्यांनी भिडेखातर थांबायचं, हे मला नको होतं. बाबाही तिकिटाच्या तारखेबद्दल चकार शब्द काढत नव्हते.

म्हणून सुट्टीच्या एका दुपारी, लेकही शेजारी बसलेली असताना, मी हसत हसत म्हटलं, "बाबा, आज भांडी नकोत. रन झाला तर फॉर्म भरायचा, नाही झाला तर तुम्ही तिकिटाप्रमाणे जायचं. बोला, कुठली बाजू?"

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. "रन नाही होणार," ते म्हणाले.

म्हणजे यांना जायचंय. एवढं झाल्यावर मी मैदानात कोण आहे, कोण नाही, हे धड बघितलंसुद्धा नाही. तीन गडी आले, तीन गेले. मग दुसऱ्या टीमचे तीन. शून्य.

"जिंकलात," मी म्हटलं.

"हं." बाबा उठले आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासू लागले. मला वाटलं, निरोपाची माया आहे. त्या दिवशी ते सोफ्यावर झोपले नाहीत.

ठरल्या दिवशी ते गेले. विमानतळावर आम्ही बॅगेच्या वजनाबद्दल बोललो.

पुढच्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी लेकीने मॅच लावली. मी भाजी चिरत होते. पहिल्याच इनिंगला ओरडा झाला, दोन रन. लेक म्हणाली, "मम्मा, लुक, आजोबांचा लेफ्टी! ही ऑलवेज डझ धिस. लास्ट इयर ओन्ली वन्स ही डिडन्ट. आजोबा वॉज सो सॅड दॅट डे."

"कधी?"

"द डे यू डिड द फॉर्म थिंग."

मी सुरी खाली ठेवली. मैदानात कोण आहे ते बाबांना दिसलं होतं. त्यांनी नीट बघून, समजून उमजून हरणारी बाजू घेतली होती, म्हणजे स्वतः न म्हणताच राहणं भाग पडलं असतं. आणि त्या मेल्या पोराने नेमकी त्याच दिवशी हिंमत धरली.

तिकडे पहाटेचे पाच वाजले होते. बाबा या वेळी झाडांना पाणी घालतात. फोन उचलला तेव्हा मागे नळाची धार ऐकू येत होती.

"बाबा, तुम्हाला हरायचं होतं?"

पाणी बंद झालं.

"मग? जिंकायला कोण बसलं होतं?" ते म्हणाले. "मला वाटलं, तुला कळेल. तू तर लगेच 'जिंकलात' म्हणून मोकळी झालीस."

"तुम्ही 'राहतो' असं का म्हणाला नाहीत?"

"लेकीच्या घरी बापाने आपण होऊन 'राहतो' म्हणायचं असतं का? तू 'राहा' म्हणायचं असतं. त्याला पैज कशाला लागते गं?"

मला रडू आलं. बाप आणि लेक, दोघंही बॉलची लकाकी उतरायची वाट बघत बसलो आणि बोलायचं ते राहूनच गेलं. साधा एक शब्द आम्ही एका अनोळखी पोराच्या डाव्या हातावर सोपवला होता.

"बाबा, या," मी म्हटलं. "आणि राहा."

नळ पुन्हा सुरू झाला.

"तिकीट काढ," ते म्हणाले. "परतीची तारीख लांबची टाक."