माळावरचा देव

नामपूरजवळच्या आमच्या मळ्याला लागून दीडेक एकर मुरमाड माळ आहे. कुसळी गवत, काटेरी झुडपं आणि तापलेले धोंडे. पीक म्हणून काही येत नाही. नव्वदच्या दशकात मी शाळेवर विज्ञान शिकवायला लागलो, तेव्हा सुट्टीच्या दिवशी भर उन्हात तिथे जाऊन बसायचो. घरच्यांना वाटे, मास्तरला ऊन लागलंय. मी जायचो एका सरड्यासाठी.

एरवी तो मातीच्या रंगाचा, वीतभर, नजरेत न भरणारा. पण चैत्र-वैशाखात नर एखाद्या धोंड्यावर चढतो, पुढच्या पायांवर ताठ होतो आणि गळ्याखालची कातडी पंख्यासारखी उघडतो. निळी, काळी, नारिंगी. क्षणभरच. मिटतो, पुन्हा उघडतो. आणि मादी? काही पाहिलंच नाही अशा थाटात मुंग्या टिपत पुढे निघून जाते. मला तिची फार गंमत वाटायची.

तो आसपासचा सर्वांत उंच धोंडाच निवडतो का, की मलाच तसं वाटतं? एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मी धोंड्यांवर धोंडे रचून गुडघाभर ढीग केला. तिसऱ्या दिवशी नर वर. एवढा आनंद मला नोकरीचं पत्र आलं तेव्हाही झाला नव्हता.

पुढच्या रविवारी गेलो तर ढीग शेंदरानं माखलेला. शेजारच्या मळ्यातल्या आजीबाईंची हरवलेली शेळी त्या ढिगापाशी सापडली होती. त्यांनी तिथेच नारळ फोडला होता. मी भडकलो. पोरांना अंधश्रद्धेवर तास तास ऐकवणारा मी, आणि माझ्याच प्रयोगाचा देव झाला! तडक त्यांच्याकडे गेलो, तर त्या शेळीच्या गळ्यात हात टाकून बसलेल्या. म्हटलं, उद्या सांगू. तो उद्या दहा वर्षं उगवला नाही. सरडा मात्र दोन दिवसांत परत ढिगावर हजर. शेंदराचं त्याला काही सोयरसुतक नव्हतं.

मग थोरल्या भावानं माळ सपाट करून कांदा साठवायला चाळ बांधायचं काढलं. मी सरड्याचं सांगितलं तर हसला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, जाऊन बसेल बांधावर, म्हणाला. नांगरटीच्या रानात हा सरडा मी कधी पाहिलाच नव्हता, पण ते त्याला पटेना. जमीन कसणारा तो. मी मास्तर.

काम सुरू व्हायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघं माळावर उभे होतो. तो शेंदराच्या ढिगाकडे बघत होता. शेतीतलं सोडलं तर लहानपणापासून माझ्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा माणूस.

"तू शिकेल शे," तो आमच्या अहिराणीत म्हणाला. "खरं सांग, तठे देव शे का नही?"

ढिगावर सरडा बसला होता, गळा मिटून. माझ्या तोंडात प्रयोगाची सगळी हकिकत तयार होती.

"शे, दादा," मी म्हणालो.

चाळ विहिरीजवळच्या चांगल्या जमिनीत उभी राहिली. तिथलं कांद्याचं पीक कायमचं गेलं. त्याबद्दल भाऊ कधी चकार शब्द बोलला नाही. दर वैशाखात तो माळावर नारळ फोडतो आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवतो. मी तो खातो. त्याच्या तोंडाकडे मात्र मला बघवत नाही.