न तपासलेला लॅपटॉप

कुणाच्याही घरी गेलं की आमचे तात्या चहाला नाही म्हणत नसत, पण चहा टाकायच्या आधी दुधाचं पातेलं बघायला मागत. करंगळी दुधात बुडवायची, थेंब अंगठ्याच्या नखावर घ्यायचा, नख जरा कलतं करायचं आणि थेंब कसा ओघळतो ते डोळे बारीक करून बघायचं. ओघळ मनासारखा निघाला तर "हां, टाका चहा." नाही निघाला तर "मला कोराच द्या, कोराच आवडतो मला." स्वतःच्या मुलीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हाही त्यांनी हेच केलं. मुलाच्या आईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या आणि ते लग्न काही जमलं नाही. परतीच्या वाटेवर काकू धुसफुसत होती, तर तात्या म्हणाले, "पाव्हण्याला पाण्याचा चहा पाजत्यात, पोरीला काय घालतील?"

तात्या म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव कळस. तात्या रोज फटफटीवरून बारामती एमआयडीसीतल्या एका डेअरीत जायचे. गावोगावचे दुधाचे कॅन जिथे उतरतात त्या धक्क्यावर नमुने घेण्याचं त्यांचं काम. झाकण उघडून वास घ्यायचा, दूध खालून वर ढवळायचं आणि मग लांब दांड्याच्या पळीनं बुडातलं दूध काढायचं. "वरचं दूध सगळ्यांचंच चांगलं असतं. नमुना बुडातनं घ्यायचा," हे त्यांचं वाक्य. हे वाक्य ते दुधाबद्दल जेवढ्या वेळा बोलले असतील त्याहून जास्त वेळा माणसांबद्दल बोलले.

हा संशय कुठून आला, ते मला मोठं झाल्यावर कळलं. आमच्या आज्याच्या काळात बौद्धवाड्यातलं दूध गावात कुणी घेत नव्हतं. आजा म्हैस पाळायचा आणि दूध घरातच संपवायचा. दुकानात गेलं तर लांब उभं राहावं लागायचं, आणि लांबून काय दिलं ते घरी येऊन पुडी सोडल्यावरच कळायचं. आजा त्या पुड्या सोडायचा तेव्हा तात्या शेजारी बसलेले असायचे. "दुकानदाराकडं दोन माल असत्यात," ते म्हणायचे. "एक दावायचा, एक बांधायचा. आपल्याला कुठला बांधतोय त्याच्यावर नजर ठिवायची." आता साऱ्या तालुक्याचं दूध त्यांच्या पळीखालून जायचं आणि ते कुणालाही सोडत नसत. सरपंचाचा कॅन असो नाहीतर सख्ख्या मेव्हण्याचा.

त्यामुळे झालं असं, की वाड्यातल्या कुणालाही काहीही घ्यायचं असलं की तात्यांना बरोबर न्यायचे. पंखा घ्यायला एकदा ते शेजाऱ्यांसोबत इंदापूरला गेले, दुकानदाराला पंखा लावायला सांगितला आणि त्याच्याखाली भाकरीचं फडकं सोडून जेवायलाच बसले. जेवण झालं, पान झालं, एक डुलकी झाली, तरी पंखा फिरतोच आहे. दुकानदारानं हात टेकले. "आता बांधा," तात्या म्हणाले. "तापला न्हाय." तो पंखा अजून फिरतो आहे, असं शेजारी सांगतात. मी काही खात्री करून घेतलेली नाही, पण आमच्या वाड्यात तात्यांच्या खरेदीवर शंका घेणं म्हणजे त्यांच्यापेक्षा संशयी होणं, आणि ते कुणालाच जमणारं नव्हतं.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याला इंजिनिअरिंगला होते. मला पाठवायचा हट्ट तात्यांचाच. वडील म्हणायचे, "तात्या म्हणतील तसं," आणि पुन्हा उसाकडे वळायचे. पहिल्या वर्षी मी प्रोग्रॅमिंगच्या प्रॅक्टिकलला नापास झाले. कागदावर प्रोग्रॅम अचूक लिहून दिला, पण मशीनवर चालवून दाखवता आला नाही. दाखवणार कसा? लॅबमध्ये मशीनं कमी, मुलं जास्त. ती मुलं संध्याकाळनंतर निवांत बसायची आणि आम्हा मुलींना तेव्हा होस्टेलच्या फाटकात हजर व्हावं लागायचं. विषय पुन्हा राहिला असता तर वर्ष गेलं असतं, आणि वर्ष गेलं असतं तर "पोरगी परत आणा" म्हणणारे नातेवाईक टपून बसलेलेच होते. मला स्वतःचं मशीन हवं होतं. ऊस कारखान्याला गेला, तात्यांचा बोनस आला आणि घरात ठरलं, सुजाताला कंप्युटर घ्यायचा.

आणखी एक गोष्ट होती, ती मी घरात बोलले नव्हते. लॅबमधल्या एका मशीनवर गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. तास संपताना पाच मिनिटं मिळाली तरी मी त्यावर झडप घालायची. मला अभ्यासाला मशीन हवं होतं हे शंभर टक्के खरं, आणि मला गेम हवा होता हेही तेवढंच खरं.

पहिल्यांदा गेलो बारामतीतल्या एका दुकानात. दुकानदार फार गोड बोलणारा. "या तात्यासाहेब" म्हणाला, तेव्हाच तात्यांच्या मनात पाल चुकचुकली असणार. त्यानं पडद्यावर रंगीत मासे पोहताना दाखवले. तात्यांनी माशांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. टेबलाखालच्या उभ्या डब्यावर तळहात ठेवून ते म्हणाले, "उघडा."

"काय उघडू?"

"ह्यो डबा."

दुकानदारानं स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवला. तात्या वाकले, आत डोकावले आणि ताठ झाले. "निम्मा डबा मोकळाच हाय की!"

दुकानदार हसला. "हवा खेळायला जागा लागते हो. शिवाय पुढेमागे गेमसाठी, ड्रॉइंगसाठी कार्ड टाकायचं असेल तर इथे टाकता येतं."

"पुढंमागं कशाला? आत्ताच का भरला न्हाय?"

मी मध्ये पडले. सगळे डबे असेच असतात, उलट मोकळी जागा असलेली चांगली, मशीन वाढवता येतं, असं समजावू लागले. तात्यांनी मला दुकानाबाहेर नेलं. "तू गप. गिऱ्हाइकानं दुकानदाराची बाजू घ्यायची नसती. अर्धा कॅन घेऊन येतो आन् भरल्याला म्हनून सांगतो. आमी काय आज धक्क्यावर आलोय व्हय?"

झालं. बारामतीतला कंप्युटर अर्ध्या भरलेल्या कॅनच्या गुन्ह्याखाली परत गेला.

दुसरं दुकान इंदापूरचं. तिथल्या माणसानं मुलगी शिकणारी आहे म्हटल्यावर सूर बदलला. "आमच्या मशीनवर अभ्यासाशिवाय दुसरं काही होतच नाही," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. त्याच वेळी पडद्यामागच्या खोलीतून बंदुकीचे आवाज आणि कुणाचं तरी "मेला, मेला!" ऐकू आलं. तात्यांनी कान टवकारले. पडदा बाजूला केला, आत पाहिलं आणि सरळ चपला घातल्या. फटफटीला किक मारताना म्हणाले, "लई गोड बोलला का समजायचं, पानी हाय."

माझा जीव टांगणीला लागला होता. सुट्टी संपत आलेली. मला रागही येत होता आणि तो राग कसला ते सांगताही येत नव्हतं. तात्या दुकानदारांना विचारत, पत्र्याला विचारत, स्क्रूला विचारत. मी सबंध वर्ष त्याच विषयाच्या मागे होते, पण मला एकदाही कुणी विचारलं नव्हतं, सुजे, तुला कुठला पाहिजे?

तेवढ्यात तात्यांना कळलं, की डेअरीशेजारच्या कारखान्यातल्या एका साहेबांची बदली झाली आहे आणि ते आपला लॅपटॉप विकणार आहेत. लॅपटॉप हा शब्द तात्यांनी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मी तो फक्त सरांच्या हातात लांबून पाहिला होता. आम्ही साहेबांच्या खोलीवर गेलो. सामान बांधलेलं, खोकी पडलेली, आणि एका खोक्यावर तो काळा, जाडजूड लॅपटॉप.

"उघडा," तात्या म्हणाले. साहेबांनी झाकण वर केलं. "तसं न्हाय. आतनं उघडा."

"हा आतून असा उघडत नाही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ स्पष्ट होता. उघडला तो रिकामा निघाला, आणि हा उघडायलाच तयार नाही. त्यांनी लॅपटॉप उचलून वजन पाहिलं, बुडाला हात लावला. "तापतोय."

"थोडा तापतोच."

"कशाला वापरत हुता?"

"ऑफिसच्या कामाला फक्त."

"खेळ-बीळ?"

"छे हो," साहेब म्हणाले.

मी तोपर्यंत बटणांकडे बघत होते. अक्षरं सगळी नव्यासारखी होती. उजव्या कोपऱ्यातली बाणांची चार बटणं मात्र घासून गुळगुळीत झालेली, त्यांच्यावरचे बाण पार पुसून गेलेले. ऑफिसचं काम कुणी बाणांनी करत नाही. मला काय ते कळलं. तात्यांना बटणांतलं कळलं नव्हतं, पण साहेबांच्या "छे हो" मधलं कळलं. ते उठले. "चल सुजे."

त्यांनी एका पायात चप्पल घातली आणि माझा बांध फुटला.

"तात्या, साहेब ह्याच्यावर खेळल्यात. ही बटनं बघा, किती घासल्यात. बॅटरी जुनी हाय, लई टिकायची न्हाय. पडद्याच्या ह्या कोपऱ्यात रेघ हाय. डब्याच्या कंप्युटरवर गेम जसा पळंल तसा ह्याच्यावर पळायचा न्हाय, अडकत अडकत चालंल. आन् मी बी खेळणार हाय. अभ्यास झाल्यावर खेळणार, पण खेळणार. तरी मला ह्योच पायजे. मोठा डबा होस्टेलात ठिवू देत न्हाईत. ह्यो माझ्या खाटंवर बसून चालतो, लॅब बंद झाली तरी चालतो, आपल्याकडं लाईट गेली तरी थोडा येळ चालतो. मला पास व्हायचंय तात्या. मला इचारा की एकदा!"

साहेबांचा चेहरा पडला होता. "खेळायचो," ते हळूच म्हणाले. "गाड्यांची रेस."

मला वाटलं, आता माझी धडगत नाही. होस्टेल बंद, कॉलेज बंद. तात्यांनी पायातली चप्पल काढली. परत येऊन खोक्यावर बसले आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. माझ्याकडे असं बघताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मग ते साहेबांना म्हणाले, "वरकुट्याचा एक दूधवाला हाय आमच्याकडं. म्हस आटली का गडी सोता म्हनतो, तात्या, आज दूध पातळ हाय. जी खोट आसंल ती आधी सांगतो. एवढ्या वर्षांत त्याच्या कॅनात मी पळी घातली न्हाय." एवढं बोलून त्यांनी लॅपटॉपकडे बोट केलं. "बांधा."

"चालू करून बघत नाही?" साहेबांनीच विचारलं.

"पोरीनं बघितलाय."

साहेबांनी ओशाळून गेमची सीडीही पुढे केली. मी हात मागे घेतला. तात्यांनी ती घेतली, सदऱ्याला पुसली आणि माझ्या पिशवीत सरकवली.

तो विषय सुटला. त्या लॅपटॉपवर पास झाले आणि त्याच लॅपटॉपवर रेसही खेळले, अडकत अडकत. वाड्यात मात्र गोष्ट वेगळीच पसरली. तात्यांनी तीन-तीन मशीनं उलटीपालटी केली, दुकानदारांची बोबडी वळवली आणि मग लाखात एक माल उचलला. त्यानंतर इंदापूरपासून बारामतीपर्यंत कुणाच्या घरात कंप्युटर यायचा असला की तात्यांना बोलावणं यायचं, आणि तात्या जायचेही. जाताना ओठ घट्ट मिटलेले, येताना तेवढेच. मी सुट्टीला आले की म्हणायचे, "उद्या मोकळी हायस का? एक गिऱ्हाईक हाय." मी बोलायचे आणि ते शेजारी उभे राहून दुकानदाराच्या तोंडाकडे बघायचे.

तात्या जाऊन आता बरीच वर्षं झाली. लोकांना ते नखावरच्या थेंबावरून आठवतात. मला आठवतात ते बारामतीच्या एसटी स्टँडवरचे, लॅपटॉप घेऊन मी पहिल्यांदा पुण्याला निघाले त्या दिवशीचे. मी खिडकीशी बसले होते, बॅग मांडीवर. तात्या खाली उभे राहून एकेक उतारू निरखत होते. "ह्या निळ्या शर्टवाल्याच्या शेजारी बसू नको. बॅग खाली ठिवू नको. कुणी इचारलं तर कपडे हायत म्हन." मी हो हो करत होते.

ड्रायव्हर चढला. तात्या खिडकीजवळ आले आणि आवाज खाली घेतला.

"सुजे, मला त्यातलं काय बी कळलं न्हाय."

"कशातलं?"

"कंप्युटरातलं. डबा उघडा म्हनालो, पर उघडून काय बघायचं ते मला ठावं नव्हतं. इंदापुरातबी न्हाय कळलं. काहीच न्हाय."

आमच्या अख्ख्या वाड्याची खरेदी करणारा माणूस स्टँडवरच्या गोंगाटात, कुणी ऐकत तर नाही ना म्हणून आजूबाजूला बघत मला हे सांगत होता.

"मग एवढं का हिंडलात तात्या? मलाच इचारायचं हुतं."

"भ्या वाटलं," ते म्हणाले. गाडी सुरू झाली होती. त्यांनी खिडकीच्या गजावर हात ठेवला आणि गाडीबरोबर चालू लागले. "तुझ्याम्होरं कुणी मला येड्यात काढलं आसतं, तर तू मला परत कुठं संगं नेलं आसतंस का?"

गाडीनं वेग घेतला, गजावरचा हात सुटला. मी खिडकीतून डोकं बाहेर काढून "नेलं असतं तात्या, नेलं असतं!" म्हणून ओरडले, तोवर ते गर्दीत मागे राहिले होते.